टेकडाउन लागतं, पण समोरचा लगेच उठतो: एमएमए गेममध्ये जमिनीवर पकड कशी ठेवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘यूएफसी ५’ या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट) व्हिडिओ गेममध्ये टेकडाउन मिळतं, म्हणजे समोरचा खाली पाडला जातो, पण काही सेकंदांत तो पुन्हा पायांवर उभा. वर असताना मी सतत साइड कंट्रोल (बाजूने छातीवर दाबून धरणं), माउंट (त्याच्या अंगावर स्वार होणं) असं काहीतरी मिळवायला धडपडत असतो, त्यात माझाच स्टॅमिना संपतो आणि उभं राहिल्यावर मार मीच खातो. त्याला खाली धरून ठेवायचं कसं?

दुखणं त्या सततच्या धडपडीतच आहे. टेकडाउन लागलं की आता आक्रमण माझं, असं आपण गृहीत धरतो आणि हात आपोआप कंट्रोलरच्या स्टिककडे जातो. पण जमिनीवरच्या खेळात वर असलेला खेळाडू सुरुवातीला बचावच करत असतो. समोरच्याला उठायचं आहे, त्याला उठू द्यायचं नाही, हे तुमचं पहिलं काम. जागा सुधारणं, ठोसे मारणं, सबमिशन (हार मानायला लावणारा पेच) लावणं ही सगळी त्यानंतरची कामं. क्रम उलटा केला की तुम्ही सांगता तेच घडतं.

आत नेमकं काय होतं ते पाहू. ईए कंपनीच्या यूएफसी मालिकेत जमिनीवरच्या हालचाली, म्हणजे ट्रान्झिशन, उजव्या स्टिकने होतात. प्रत्येक पोझिशनमध्ये वरच्याला आणि खालच्याला मोजकेच रस्ते दिलेले असतात, बहुतेक वेळा वर, डावीकडे आणि उजवीकडे. समोरच्याची हालचाल अडवायची, म्हणजे डिनाय करायची, तर प्लेस्टेशनवर आर-टू आणि एक्सबॉक्सवर आर-टी धरून उजवी स्टिक त्याच्या दिशेला ढकलायची. दिशा बरोबर निघाली तर त्याची हालचाल तुटते, चुकली तर तो पुढे सरकतो. ट्रान्झिशनला स्टॅमिना लागतो, आणि अडवल्या गेलेल्या ट्रान्झिशनचा फटका जास्त बसतो. डिनाय झालेला माणूस क्षणभर मागे पडतो आणि अडवणाऱ्याला त्याच वेळी आपली हालचाल करायची संधी मिळते.

आता तुमचं टेकडाउन घ्या. तुम्ही फुल गार्डमध्ये, म्हणजे खालच्याच्या दोन्ही पायांच्या मध्ये, उतरता. पहिल्याच सेकंदाला हाफ गार्डकडे (त्याच्या पायांत तुमचा एकच पाय अडकलेला) जायला स्टिक ढकलता. समोरच्याला हे ठाऊक असतं, कारण दहातले नऊ जण उतरल्या उतरल्या हेच करतात. तो डिनाय धरूनच बसलेला असतो. तुमची हालचाल तुटते, स्टॅमिना जातो, आणि ज्या क्षणी तुम्ही मागे पडलेले असता त्याच क्षणी तो उठायची हालचाल सुरू करतो. तुमची बोटं अजून पहिल्या हालचालीतून बाहेर पडायची असतात. तो उठतो. उठण्याची वाट त्याला तुम्हीच मोकळी करून दिलेली असते.

म्हणून माझा पहिला सल्ला: टेकडाउन लागल्यावर काहीच करू नका. आर-टू धरा, स्टिक त्याच्या उठण्याच्या दिशेला ठेवा आणि वाट पाहा. वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. त्याची पहिली हालचाल अडवायला तुम्ही तयार बसलेले असता. खाली पडलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही, विशेषतः ऑनलाइन. त्याला वाटतं, आत्ता उठलो नाही तर अडकलो. तो हालचाल करतो, तुम्ही ती तोडता, आणि मग तुमची पाळी. हाफ गार्ड आता जवळजवळ फुकटात मिळतो.

उठण्याची दिशा कुठली, हे प्रत्येक पोझिशनला आणि थोडंफार फायटरप्रमाणेही बदलतं. ते पाठ करायचा एकच खरा मार्ग आहे: प्रॅक्टिस मोडमध्ये स्वतः खाली पडून राहा. स्क्रीनवर खालच्याला जे पर्याय दिसतात ते नीट बघा. फुल गार्डमध्ये खाली असताना उठायला कुठे जायचं, हाफ गार्डमध्ये स्वीप (वरच्याला उलटवून स्वतः वर येणं) कुठे आहे, साइड कंट्रोलमधून गार्ड परत कसा मिळतो. वरून खेळताना हे पर्याय दिसत नाहीत, ते डोक्यात असावे लागतात. जमिनीवर कमजोर असलेले बहुतेक खेळाडू खाली असताना फक्त सुटायच्या घाईत असतात, म्हणून त्यांना हा नकाशा कधीच पाठ होत नाही.

पुढे जाण्याआधी सेटिंगचं बोलू. २०२० साली आलेल्या ‘यूएफसी ४’पासून ‘ग्रॅपल असिस्ट’ मिळतो. त्यात तुम्ही फक्त हेतू सांगता, उठायचं आहे, सबमिशन हवं आहे की ग्राउंड अँड पाउंड (खाली दाबून ठोसे मारणं) करायचं आहे, आणि मधल्या पायऱ्या गेम ठरवतो. नवख्याला हे सोयीचं आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण पकड शिकायची असेल तर जुनी, ‘लेगसी’ म्हणतात ती पद्धत लावा. असिस्टमध्ये तुम्ही कुठल्या पोझिशनमधून कुठे चाललात हे तुमच्या हातात राहत नाही, आणि जमिनीवरचा सगळा खेळ त्याच निवडीवर उभा आहे. थोडे दिवस त्रास होईल, सामने हराल, तरी बदलू नका.

आता पोझिशनकडे. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

फुल गार्ड ही नावाला वरची जागा आहे. खालच्याचे पाय तुमच्या कमरेभोवती असतात, त्याच्या हाती सबमिशन असतात आणि उठण्याची वाटही. इथे रेंगाळू नका, पण वर सांगितलं तसं घाईही करू नका. एक डिनाय, मग हाफ गार्ड.

हाफ गार्ड हे माझं घर आहे, आणि तुमचंही व्हावं असं मला मनापासून वाटतं. ऑनलाइन खेळणारे बहुतेक जण इथे थांबत नाहीत. त्यांना माउंट हवा असतो, कारण तिथून ठोसे जोरात बसतात आणि ते दिसायला देखणं असतं. पण हाफ गार्डमध्ये वरच्याला तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळतात. शरीर जवळ असतं म्हणून समोरच्याच्या वाटा मोजक्या राहतात. बरगड्यांवर आणि डोक्यावर छोटे ठोसे मारता येतात. आणि साइड कंट्रोल, माउंट, सबमिशन या सगळ्याचा धाक एकाच वेळी राहतो. समोरच्याला एका वेळी एकच दिशा डिनाय करता येते. तुमच्या हातात जितके खरे पर्याय, तितका त्याचा अंदाज चुकण्याची शक्यता जास्त.

एक देवाणघेवाण सावकाश पाहू. तुम्ही हाफ गार्डमध्ये वर आहात. आर-टू धरून उठण्याची दिशा अडवलेली आहे. तो हलत नाही, त्याला वाटतंय तुम्ही माउंटकडे जाल आणि तो ती दिशा धरून बसलाय. तुम्ही आर-टू सोडून बरगडीत एक हलका ठोसा मारता. तो ब्लॉक खाली आणतो. म्हणजे त्याचं लक्ष ठोशांकडे गेलं. तुम्ही पुन्हा आर-टू धरता. त्याला वाटतं, हा मारण्यात गुंतलाय, आत्ताच उठावं, आणि तो उठायला जातो. तुम्ही आधीच तिथे आहात. डिनाय. आता तो मागे पडलाय, तुम्ही साइड कंट्रोलकडे जाता आणि पोहोचता. या सगळ्यात तुम्ही एकच ट्रान्झिशन केलं, एकच ठोसा मारला. त्याचा मात्र एक मोठा प्रयत्न वाया गेला आणि पुढच्या वेळी उठावं की नाही हा संशय त्याच्या मनात राहिला. फेरीत हे चार-पाच वेळा झालं की त्याचा स्टॅमिना बार बघा.

यातला ठोसा दुखापतीसाठी नव्हता. तो समोरच्याला हलवण्यासाठी होता. जमिनीवर वरून मारलेल्या निम्म्या ठोशांचं काम हेच असावं असं माझं मत आहे. दगडासारखा पडून राहिलेला माणूस अडवायला सोपा वाटतो, पण त्याच्याकडून काहीच कळत नाही. हलणारा माणूस सगळं सांगतो: त्याला कुठे जायचं आहे, तो किती घाबरलाय, ठोसा पडल्यावर तो ब्लॉक करतो की ट्रान्झिशन मारतो. पहिल्या फेरीत मी हीच माहिती गोळा करत असतो. दोनदा ठोशानंतर लगेच उठायचा प्रयत्न झाला तर तिसऱ्यांदाही तेच होणार, असं धरून चालायला हरकत नाही. माणूस दडपणाखाली सवयीकडे परततो.

साइड कंट्रोलमध्ये खालच्याचे पाय मधून निघून जातात, म्हणून ती जागा खूप सुरक्षित वाटते. पण गेममध्ये इथे एक सापळा आहे. लोक इथे पोहोचले की लगेच माउंटकडे धावतात आणि तीच दिशा समोरचा अडवून बसलेला असतो. त्यापेक्षा साइड कंट्रोलमध्ये स्थिर व्हा, त्याचा गार्ड परत मिळवायचा प्रयत्न एकदा तोडा, आणि मग हला. नॉर्थ-साउथकडे (डोक्याच्या बाजूने छातीवर दाबणं) जायची वाट असेल तर ती अधूनमधून वापरा, एवढंच तिच्याबद्दल. तिचा उपयोग समोरच्याला तिसरी दिशा लक्षात ठेवायला लावण्यापुरता आहे.

माउंट आणि बॅक माउंट (पाठीवर स्वार होणं) इथे सामना संपवता येतो. माउंटमध्ये खालच्याला थेट उठता येणं कठीण असतं, आधी हाफ किंवा फुल गार्ड परत मिळवावा लागतो, म्हणजे त्याला दोन पायऱ्या चढायच्या असतात. तुमचं काम पहिली पायरी अडवणं. पण इथेच लोक घात करून घेतात. वर ताठ होऊन, म्हणजे पोश्चर अप करून, जोरजोरात ठोसे मारायला लागतात. ताठ झालात की ठोसा जोरात बसतो, पण छाती छातीपासून सुटते आणि खालच्याला हलायला जागा मिळते. त्याचा स्टॅमिना भरलेला असेल तर हा सौदा तुमच्या तोट्याचा आहे. त्याचा बार अर्ध्याच्या खाली गेला, त्याने दोन-तीन प्रयत्न वाया घालवले, की मग ताठ व्हा. तेव्हा तेच ठोसे सामना संपवतात. ‘यूएफसी ५’मध्ये चेहऱ्यावरच्या जखमांची व्यवस्था सविस्तर केली आहे आणि डॉक्टर सामना थांबवू शकतो, त्यामुळे वरून मारलेल्या कोपरांना पूर्वीपेक्षा जास्त किंमत आली आहे. डोळ्याच्या वरची चीर दिसली तर तिच्यावरच मारा ठेवा.

स्टॅमिना हे या सगळ्याचं मूळ आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. गेममध्ये थकवा दोन प्रकारचा असतो. एक लगेच भरून येणारा, दुसरा सामना पुढे सरकताना हळूहळू कमी होत जाणारी कमाल मर्यादा. पहिल्या फेरीत तुम्ही वाया घालवलेलं प्रत्येक ट्रान्झिशन तिसऱ्या फेरीत तुमच्याकडून वसूल होतं. शरीरावर, बरगड्यांवर मारलेले ठोसे समोरच्याची हीच मर्यादा खाली आणतात. डोक्यावरचा ठोसा दिसतो, प्रेक्षकांना आवडतो. बरगडीवरचा दिसत नाही, पण तिसऱ्या फेरीत समोरचा उठायला जातो आणि त्याची हालचाल चिखलातून चालल्यासारखी होते, ती याच ठोशांमुळे. हाफ गार्डमध्ये आणि साइड कंट्रोलमध्ये माझे बहुतेक ठोसे शरीरावर असतात.

खऱ्या लढतींमध्ये हे तत्त्व कसं दिसतं ते पाहायचं असेल तर यूएफसीचा माजी लाइटवेट विजेता खबीब नुरमागोमेदोव्हच्या लढती पाहा. तो २०२० साली २९ विजय आणि एकही पराभव नाही अशा नोंदीवर निवृत्त झाला. २०१३ मध्ये एबल ट्रुहियोविरुद्ध त्याने एकाच लढतीत २१ टेकडाउन केले होते. आकडा थक्क करणारा आहे, पण त्यातून दुसरीही गोष्ट कळते: ट्रुहियो उठत होता, आणि खबीब प्रत्येक वेळी त्याला परत खाली नेत होता. तो उठला म्हणून खबीबचा तोल गेला नाही. गेममध्येही समोरचा उठला म्हणजे सगळं संपलं असं नाही. त्याने उठण्यात स्टॅमिना घालवलाय. तुम्ही शांत राहिला असाल तर तुमच्याकडे तो आहे. पुढचं टेकडाउन आधीपेक्षा सोपं जाईल.

२०१८ मध्ये कॉनर मॅकग्रेगरविरुद्धच्या लढतीची पहिली फेरी तर अभ्यासाचीच आहे. खबीबने लवकर टेकडाउन मिळवलं आणि मग घाईने माउंट शोधला नाही. जाळीजवळ मॅकग्रेगरचे पाय स्वतःच्या पायांनी अडकवून ठेवले. पाय अडकले की उठता येत नाही, उठता येत नाही म्हणजे माणूस हातांवर भार देतो, आणि हातांवर भार आला की चेहरा उघडा पडतो. चौथ्या फेरीत खबीबने मानेचा पेच लावून ती लढत संपवली. गेममध्ये पाय अडकवायचं वेगळं बटण नाही. उठण्याची वाट अडवून बसणं हेच तिथलं पाय अडकवणं.

दुसरा अभ्यास करण्याजोगा खेळाडू डेमियन माया. २०१६ मध्ये त्याने माजी अंतरिम विजेता कार्लोस कॉन्डिटला पहिल्याच फेरीत पाठीवर चढून गळा आवळून हरवलं. माया ठोसे फारसे मारत नसे. त्याचं सगळं कौशल्य पाठीपर्यंत पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर न सुटण्यात होतं. गेममध्ये बॅक माउंट मिळाला की लोक लगेच सबमिशन दाबतात. मायाकडून हे शिका की पाठ मिळाली की आधी ती टिकवायची. समोरच्याने सुटायचा प्रयत्न केला, तो तोडला, मग गळा.

सबमिशनविषयी तेवढंच सांगतो जेवढं पकडीशी जोडलेलं आहे. २०२३ च्या ‘यूएफसी ५’मधून सबमिशनचा जुना मिनीगेम काढून टाकला. आता सबमिशन ही ट्रान्झिशनसारखीच पायरीपायरीने पुढे जाणारी हालचाल आहे आणि तिलाही दिशा ओळखून अडवावं लागतं. याचा फायदा पकड ठेवणाऱ्याला मोठा आहे. सबमिशनची सुरुवात दाखवली की समोरच्याचं लक्ष तिथे जातं, आणि ज्या दिशेला तो नाही तिथे तुम्ही सरकू शकता. गळा मिळाला नाही तरी माउंट मिळतो. म्हणून सबमिशन दाखवत राहा, पण स्टॅमिना कमी असताना दाखवू नका. अडवलं गेलेलं सबमिशन महागात पडतं.

फसवणुकीबद्दलही बोलायला हवं, कारण वरच्या पातळीवर हाच खेळ होतो. एका दिशेला हालचाल सुरू करायची, ती अर्ध्यात सोडायची आणि दुसरीकडे जायचं. समोरचा चांगला असेल तर तो तुमची हालचाल पाहून डिनाय करतो, आणि खोटी हालचाल पाहिली की त्याची स्टिक चुकीच्या बाजूला जाते. पण यात एक अट आहे: खोटी हालचाल तेव्हाच चालते जेव्हा तुम्ही आधी ती खरी करून दाखवलेली असते. ज्याने फेरीभर कधी उजवीकडे ट्रान्झिशन केलंच नाही, त्याच्या उजवीकडच्या झुकांडीवर कोणी विश्वास ठेवत नाही. पहिल्या फेरीत प्रामाणिक खेळा, झुकांड्या दुसऱ्या फेरीपासून.

ऑनलाइन खेळताना नेटवर्कची दिरंगाई लक्षात घ्या. समोरची हालचाल डोळ्यांनी पाहून डिनाय करणं प्रॅक्टिस मोडमध्ये जमतं, दिरंगाई असलेल्या सामन्यात जमत नाही. तुम्हाला दिसेपर्यंत ती निम्मी झालेली असते. अशा सामन्यात अंदाजावर खेळावं लागतं: तो कुठे जाईल हे आधी ठरवून तिथे धरून बसायचं. उठण्याची दिशा हा सर्वात सुरक्षित अंदाज. तुमचा अंदाज चुकून त्याने स्वीप केला तर वाईट वाटेल, पण उठणारे जितके असतात तितके स्वीप करणारे नसतात.

गुणांचा मुद्दा तुमच्या प्रश्नात थेट नव्हता, पण पुढे तो येणारच. खऱ्या एमएमएच्या युनिफाइड नियमांमध्ये, २०१७ पासून अधिक स्पष्टपणे, फेरीचा निकाल आधी परिणामकारक प्रहार आणि परिणामकारक ग्रॅपलिंगवर (पकडीच्या खेळावर) ठरतो. नुसतं खाली पाडणं पुरेसं नाही, त्यातून हल्ला उभा राहायला हवा. पिंजऱ्यावरचं वर्चस्व वगैरे गोष्टी बाकी सगळं बरोबरीत असेल तरच बघतात. गेममध्येही लागलेल्या फटक्यांचं वजन जास्त, असं माझं निरीक्षण आहे. त्यामुळे चार मिनिटं वर बसलात आणि ठोसा मारलाच नाही, तर शेवटच्या मिनिटात उभ्याने बसलेले दोन जोरदार ठोसे तुमची फेरी घेऊन जाऊ शकतात. पकड हवी ती मारण्यासाठी जागा आणि वेळ मिळावा म्हणून. डिनाय, दोन-तीन ठोसे, पुन्हा डिनाय, अशी लय ठेवली की दोन्ही साधतं.

फायटर निवडताना आकड्यांकडे पाहा, नावाकडे नाही. टॉप कंट्रोल, टेकडाउन आणि ग्राउंड स्ट्रायकिंग हे तुमच्यासाठी महत्त्वाचे, आणि त्यांच्याबरोबरच कार्डिओ, म्हणजे दम. उत्तम टेकडाउन पण कमी कार्डिओ असलेला फायटर दुसऱ्या फेरीत तुमच्याच हाताखाली ढासळतो. शिकण्याच्या काळात मी लाइटवेटमधला तगडा कुस्तीगीर फायटर घ्यायला सांगेन: हालचाल पुरेशी वेगवान, आणि एका ठोशात सगळं संपण्याचा धोका हेवीवेटइतका नाही. हेवीवेटमध्ये जमिनीवर शिकलेलं तपासून पाहण्याआधीच सामना संपतो.

टेकडाउन कधी घ्यायचं, हेही पकडीचाच भाग आहे. समोरचा ताजातवाना असताना, दोघांचेही बार भरलेले असताना घेतलेलं टेकडाउन टिकवणं सर्वात अवघड. त्याने जोरदार कॉम्बिनेशन (सलग फटके) टाकलं, ते हवेत गेलं आणि त्याचा बार खाली आला, की त्या क्षणी पायांत शिरा. तो खाली पडतो तेव्हाच थकलेला असतो. फेरीच्या शेवटच्या वीस-तीस सेकंदांत घेतलेलं टेकडाउन पंचांच्या नजरेत चांगलं दिसतं, पण तिथे पोझिशन बांधायला वेळ नसतो. तेव्हा ट्रान्झिशनचा विचार सोडा, गार्डमध्येच राहून जितके ठोसे बसतील तितके मारा.

ज्यांनी जुने गेम खेळलेत त्यांच्यासाठी एक जोड. टीएचक्यू कंपनीच्या ‘यूएफसी अनडिस्प्युटेड’ मालिकेत, जिचा शेवटचा मोठा गेम २०१२ मध्ये आला, ट्रान्झिशनसाठी स्टिक पाव किंवा अर्ध्या वर्तुळात फिरवावी लागे. छोट्या हालचालीला पाव, मोठ्या हालचालीला अर्धं. बोटांची सवय वेगळी होती, पण छोट्या हालचालीने समोरच्याला हलवायचं आणि मोठी हालचाल योग्य वेळेसाठी राखून ठेवायची, ही शिस्त तिथून जशीच्या तशी आणता येते. त्या मालिकेवर वाढलेले खेळाडू ईएच्या गेममध्ये जमिनीवर पटकन रुळतात, याचं मला कधी नवल वाटलं नाही.

सरावासाठी हे करा. प्रॅक्टिस मोडमध्ये संगणकाची पातळी कठीण ठेवा, टेकडाउन घ्या आणि पूर्ण एक मिनिट एकही ट्रान्झिशन करू नका. फक्त डिनाय आणि हलके ठोसे. संगणक उठला तर पुन्हा सुरुवात. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटेल, हात शिवशिवतील. ज्या दिवशी तो मिनिटभर उठत नाही त्या दिवसापासून डिनायनंतरचं एक ट्रान्झिशन जोडा, त्याहून जास्त नाही. मग ऑनलाइन जा. ऑनलाइन पहिले सामने जिंकण्यासाठी खेळू नका. प्रत्येक टेकडाउननंतर समोरच्याची पहिली हालचाल कुठली होती, एवढंच मनात नोंदवा.

आणि समोरचा हललाच नाही तर? असेही खेळाडू भेटतील, तुमच्यासारखेच डिनाय धरून बसणारे, उठायची घाई नसलेले. त्यांच्याविरुद्ध घाई केलीत तर तेच जिंकतील. हाफ गार्डमध्ये राहा, बरगडीवर एक, थोडं थांबून पुन्हा एक. ब्लॉक खाली आला की डोक्यावर कोपर. ब्लॉक वर गेला की पुन्हा बरगडी. डिनायसाठीही आर-टू लागतं आणि ठोसे अडवायलाही, त्यामुळे मार बसायला लागला की दोन्ही कामं सांभाळताना त्याच्या स्टिकची दिशा सुटते. ती सुटलेली दिसते तेव्हा, आणि तेव्हाच, साइड कंट्रोल घ्या.